‘जिद्द कमी पडली’ म्हणणाऱ्यांनो, उत्तर द्या

यावलकर :
काल गावच्या ग्रुपवर एकाने टाकलं, ‘मन खंबीर असेल तर परिस्थिती आडवी येत नाही. हरतो तो जिद्द कमी पडली म्हणून.’ खाली अंगठ्यांची रांग. माझा चुलतभाऊ पाच वर्षं राज्यसेवेच्या मागे होता, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला. आता लग्नालाही येत नाही, मांडवात कोणीतरी हेच ऐकवतं म्हणून. सेलिगमन आणि मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा 1967 चा प्रयोग आठवा. काहीही केलं तरी ज्या कुत्र्यांचा विजेचा झटका थांबला नव्हता, त्यातली बहुतेक पुढे नुसती उडी मारून सुटता येत असतानाही पडून राहिली. त्यांना जिद्दीवर भाषण द्यायचं का?

अमळनेरचे सर :
अर्धंच सांगितलंत. हतबलता अनुभवातून शिकली जाते, हे आपलं म्हणणं त्याच दोघांनी 2016 मध्ये फिरवलं. हातपाय गाळणं हे मुळातच असतं, ‘आपल्या हातात काही आहे’ हे शिकावं लागतं. म्हणजे ते शिकवता येतं! एकतीस वर्षं गणित शिकवलंय मी. हुशार पोरं पहिल्या चाचणीत आपटली की विषय टाकतात, मध्यम पोरगा वह्या भरत पुढे निघून जातो. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतही मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ यांना हेच दिसलं. चिकाटीचे गुण जास्त असलेले पहिल्या उन्हाळ्यातल्या खडतर प्रशिक्षणात जास्त टिकले.

यावलकर :
आणि 2017 मध्ये 66,807 जणांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा डकवर्थ यांची ही चिकाटी, त्यांच्या शब्दात ‘ग्रिट’, म्हणजे बहुतांशी जुनाच कामसूपणा नव्या नावाने, असं निघालं. तेही सांगा.

धुळ्याची ताई :
मालक गेले तेव्हा धाकटी चार वर्षांची. शिलाई मशीनवर दोघी पोरी शिकवल्या. परिस्थिती म्हणत बसले असते तर?

रावेरचा केळीवाला :
ताई, पाय मारला की मशीन चालतं. माझी निसवलेली बाग जूनच्या वादळात आडवी झाली. फळपीक विम्याची भरपाई हवामानाच्या नोंदीवर, वारा मोजणार महसूल मंडळातलं हवामान केंद्र, माझा बांध नाही. तिथे म्हणे तेवढा वारा नव्हताच! घड मातीत, कर्ज डोक्यावर. हप्ता मात्र वेळेवर भरला होता.

अमळनेरचे सर :
विम्याचं गाऱ्हाणं वेगळं मांडा.

रावेरचा केळीवाला :
वेगळं कसं? दर महिन्याला पगार येत असला की चिकाटीवर बोलणं सोपं जातं.

अमळनेरचे सर :
पगारावर घसरू नका. विनाअनुदानित तुकडीवर नऊ वर्षं बिनपगारी काढलीत मी. बायकोचे दागिने मोडून.

रावेरचा केळीवाला :
माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. पण अनुदान आलंच नसतं तर हेच लोक तुम्हाला काय म्हणाले असते? आणि सोडणं म्हणजे हार, हे तर मुळीच मानत नाही. बागेत हरण्या, म्हणजे केळीचा विषाणूरोग, दिसला की ते झाड त्याच दिवशी उपटून गाडायचं. माझ्या शेजाऱ्याने ‘सुधरेल, सुधरेल’ करत तशी झाडं पंधरा दिवस ठेवली. माव्याने रोग बागभर नेला, शेवटी सगळी बाग मोडली. कमी चिकाटी होती का त्याची?

धुळ्याची ताई :
खरं शे भाऊ. मशीनआधी खानावळ काढली होती मी. आठ महिन्यांत बंद केली. ते कोणाला सांगत नाही.

अमळनेरचे सर :
उपटायचं कधी, हे मी वर्गात कधी शिकवलं नाही. एवढं मान्य. बाकी मुद्दा सोडत नाही. यावलकर, संध्याकाळी दहावीच्या पोरांना गणित सांगायला मला माणूस हवाय. भावाला विचारा.

यावलकर :
विचारतो. फक्त त्याला ‘पुन्हा एकदा बस’ म्हणू नका.