मदत हवी आहे: सुट्टीत शेरीफचे लोक घरावर लक्ष ठेवतात का?

आम्ही टेक्सासात एका ग्रामीण काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) राहतो, शहराच्या हद्दीबाहेर. म्हणजे पोलीस म्हटलं की शेरीफचे (काउंटीच्या पोलीसप्रमुखाचे) डेप्युटी, म्हणजे हाताखालचे अधिकारीच. (इथल्या 254 काउंट्यांत शेरीफ चार वर्षांसाठी मतदानाने निवडतात. आई म्हणाली, "अगंबाई, फौजदार निवडणुकीला उभा राहतो?")

डिसेंबरात सहा आठवडे साताऱ्याला जातोय. शेजारचे आजोबा म्हणतात, शेरीफ ऑफिसात फॉर्म भरला की डेप्युटी अधूनमधून घरावर चक्कर मारतो. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तुरुंगाच्या चौकशी खिडकीला जोडून दिला (तुरुंगही शेरीफकडेच असतो)! मागे गेटची साखळी कापलेली सापडली होती, म्हणून धास्ती.

कुणी असा फॉर्म भरलाय का? कोंबड्यांना दाणे घालायला येणाऱ्या मुलाचं नाव, गाडीचा नंबर आधी कळवायचा का? नाहीतर त्यालाच चोर समजून धरतील.