चर्चा : पहिली आधुनिक सैनिकी रायफल कोणती, लेबेल की माउझर?

टेहळणी (मूळ मत) : 1886 सालच्या फ्रेंच लेबेलला पहिल्या आधुनिक बोल्ट ॲक्शन (हाताने खिटी मागेपुढे करून काडतूस नळीत भरणाऱ्या) रायफलीचा मान देण्याचा प्रघात मला पटत नाही. पॉल व्हिएय यांनी 1884 मध्ये तयार केलेली धूरविरहित दारू हा मोठाच शोध होता, परंतु ती ज्या बंदुकीत वापरली गेली, ती बंदूक जुन्याच वळणाची होती. जानेवारी 1886 मध्ये युद्धमंत्री झालेल्या जनरल बुलांजे यांनी एवढी घाई लावली की जुन्या ग्रास रायफलीच्या 11 मिलिमीटरच्या काडतुसाचेच तोंड आवळून 8 मिलिमीटरचे काडतूस करण्यात आले, आणि नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये (काडतुसे साठवण्याच्या कप्प्यात) आठ काडतुसे एकेक करून सारण्याची पद्धत तशीच राहिली. याउलट जर्मनीच्या माउझर यांनी आखलेल्या 1889 च्या बेल्जियन रायफलीमध्ये पाच काडतुसांची पत्र्याची पट्टी वर टेकवून अंगठ्याने दाबली की मॅगझिन भरत असे. पुढची पन्नास वर्षे टिकली ती ही पद्धत. हेर्स्टालचा एफएन कारखाना उभा राहिला तोच मुळी या रायफलीसाठी.

काळीदारू : असहमत. जर्मनीच्या माउझर 71/84 मध्येही नळीखाली आठच काडतुसे होती, पण ती 11 मिलिमीटरची आणि धूर करणाऱ्या जुन्या काळ्या दारूची. लेबेल येताच ती कालबाह्य ठरली, आणि जर्मनीला खुद्द माउझरला बाजूला ठेवून सैनिकी आयोगामार्फत 1888 ची रायफल घाईघाईने काढावी लागली. हा धक्का दारूने दिला, पट्टीने नव्हे. ब्रिटिशांची 1888 ची ली-मेटफर्ड लहान व्यासाची असूनही कॉर्डाइट ही ब्रिटिश धूरविरहित दारू येईपर्यंत काळी दारूच वापरत होती, यावरून रायफलीची रचना आणि दारू या दोन गोष्टींमधील अंतर ध्यानात यावे. 1 जुलै 1898 रोजी क्यूबातील सान हुआनच्या लढाईत ज्या अमेरिकी स्वयंसेवकांजवळ काळ्या दारूच्या स्प्रिंगफील्ड होत्या, त्यांच्या धुरानेच त्यांची जागा स्पॅनिश सैनिकांना दाखवून दिली.

टेहळणी : त्याच लढाईत अमेरिकेच्या नियमित पलटणींकडे धूरविरहित दारूच्या क्राग-यॉर्गन्सेन रायफली होत्या, याचा उल्लेख आपण टाळलात. त्यांच्या बाजूच्या झडपेतून सुटी काडतुसे भरावी लागत, तर समोरच्या 1893 च्या स्पॅनिश माउझरला पट्टी होती. अमेरिकेने 1903 च्या स्प्रिंगफील्डमध्ये ही पट्टी स्वीकारली आणि त्यापोटी माउझर कंपनीला 2 लाख डॉलर स्वामित्वशुल्क मान्य केले. ब्रिटिशांनीही दक्षिण आफ्रिकेतील बोअरांच्या 7 मिलिमीटर माउझरचा अनुभव घेतल्यानंतरच 1903 च्या आखूड ली-एन्फील्डला पट्टीची सोय दिली.

शिवाय कार्बाइनचा, म्हणजे आखूड रायफलीचा, विचार करा. मॅगझिनच नळीच्या लांबीवर अवलंबून असेल, तर नळी आखूड करताच काडतुसेही घटणार. म्हणूनच फ्रेंच घोडदळाला 1890 मध्ये बेर्तियेची निराळी कार्बाइन द्यावी लागली, आणि तिच्यात तीन काडतुसांची, ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीच्या पद्धतीची, काडतुसांसकट आत जाणारी क्लिप होती.

सरळखेच : मानलिखरचे नाव आलेच आहे म्हणून लिहितो. ऑस्ट्रियाच्या 1886 च्या सरळ ओढण्याच्या बोल्टच्या रायफलीत पाच काडतुसे क्लिपसकट आत जात, म्हणजे झटपट भरण्याची कल्पना माउझरच्या आधीची आहे. मात्र क्लिप संपल्या की ती एका वेळी एकच गोळी झाडणारी बंदूक ठरे आणि अर्धवट रिकामे मॅगझिन वरून भरता येत नसे. माउझरच्या पट्टीला या दोन्ही अडचणी नव्हत्या, त्यामुळे श्रेय वाटून द्यायचेच झाले, तर कल्पनेचे मानलिखरला आणि ती निर्दोष करण्याचे माउझरला द्यावे.

काळीदारू : पट्टी एवढी निर्णायक होती, तर 1914 मध्ये फ्रेंच पायदळ लेबेल घेऊनच कसे लढले?

टेहळणी : लाखो लेबेल तयार पडल्या होत्या आणि बदलण्याचा खर्च मोठा होता, म्हणून. टोकदार गोळी आल्यावर ती पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आदळून मॅगझिनच्या नळीतच स्फोट होऊ नये यासाठी फ्रेंचांनी काडतुसाच्या बुडाला गोल खाच पाडली. ही युक्ती मला मनापासून आवडते, पण अशा युक्त्या लागत होत्या, हेच पुरेसे बोलके आहे. युद्ध चालू असतानाच त्यांनी 1916 च्या नमुन्याची पाच काडतुसांची बेर्तिये काढली, आणि तिच्यात नळीखालचे मॅगझिन नव्हते.