मदत हवी आहे: दक्षिण सुदानला संघराज्य झेपेल का?

नवस्वतंत्र देशांच्या अर्थकारणावर निबंध लिहितेय, आणि दक्षिण सुदानपाशी गाडी अडली आहे. 2011 मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा 10 राज्यं होती. 2015 मध्ये 28 केली, मग 32, आणि 2020 मध्ये पुन्हा 10 (शिवाय 3 प्रशासकीय क्षेत्रं). ही काटछाट सोडा, खरी गोम तेलात आहे. सरकारचं बहुतेक उत्पन्न तेलाचं, तेल मुख्यतः युनिटी आणि अप्पर नाईल भागात, आणि ते समुद्रापर्यंत जातं सुदानमधल्या पाइपलाइनमधून! कायद्याने तेलउत्पादक राज्यांना निव्वळ उत्पन्नाचे 2 टक्के, तिथल्या लोकसमूहांना 3 टक्के. मग बाकीची राज्यं कर लावणार कशावर? मला तरी आधी तेलाच्या उत्पन्नाच्या वाटपाचं सूत्र, मग राज्यांना अधिकार, हा क्रम पटतो. नायजेरिया हेही तेलउत्पादक संघराज्य; तिथला अनुभव कुणी अभ्यासलाय का? तो इथे कितपत लागू पडेल?