मुरमाड माळावर चाऱ्यासाठी अंजन गवत लावू की मारवेल? (खर्च ५ हजारांच्या आत)

माणदेशी_माळ: राम राम मंडळी. दहिवडीजवळ २ एकर माळ आहे, वीतभर मातीखाली मुरूम. विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते, पाणी देणं जमणार नाही. १४ मेंढ्या, ८ शेळ्या. एकदा लावलं की चार-पाच वर्षं टिकेल असं गवत सुचवा.

हिरवा_गोठा: संकरित नेपियर लावा, दुसरं काही बघूच नका. माझ्या तीन गाई त्यावरच आहेत. ठिबकसकट एकरी ४० हजार गेले, पण वसूल झाले.

काळं_रान: अहो, पाणी नाही म्हणतायत ते! मारवेल लावा. राहुरी विद्यापीठाचं फुले गोवर्धन माझ्याकडे आहे. ठोंबं मृगाच्या पावसावर लावली, कोवळी काडी जनावरं मुळापर्यंत खातात.

बोर_बाभूळ: तुमचं रान काळं, त्यांचा मुरूम. तिथं अंजनच. पाणी साचलं की अंजन तग धरत नाही, माळावर ती भीती नाही. पण बी ताजं नको. मी तोडलेलं बी महिन्याभरात पेरलं, चार काड्या उगवल्या. तेच बी पुढच्या मृगात टाकलं, तर रान भरलं. बी केसाळ असतं, बोटांना चिकटतं, वाऱ्यानं उडतं. ओली माती आणि शेणात कालवून वरच्यावर टाका. एकरी २ किलो पुरे.

शेळीपालक७: शेळीला गवत कशाला? तिला पाला हवा. शेवरी, सुबाभूळ लावा.

काळं_रान: १४ मेंढ्या पण आहेत, नीट वाचा.

धनगरवाडा: बी बघून घ्या. मला एका दुकानदारानं अंजन म्हणून दिलं त्यात निम्मं बी कुसळी गवताचं निघालं. ते कुसळ मेंढीच्या लोकरीतून कातडीत रुततं. चिमट्यानं काढताना दोन दिवस गेले, एका मेंढीला पू झाला. आणि पहिल्या वर्षी जनावर आत सोडू नका. मी सोडलं, रोपं मुळासकट उपटून आली. कापून घाला, तेही चार बोटं बुडखा ठेवून.

शेतकरी_पोरगा: बी खोल टाकू नका, वरच्यावरच टाका.

बोर_बाभूळ: तेच सांगितलं मी वर.

माणदेशी_माळ: सगळ्यांचे आभार. काल माळावर फिरलो. दगडांच्या आडोशाला, जिथं मेंढीचं तोंड पोचत नाही, तिथं पवन्या गवताचे जुने ठोंब आहेत. मोजले, ६० च्या वर भरले. म्हणजे गवत होतंच, आम्हीच चारून संपवलं. बी विकत घेत नाही. ५ हजार काटेरी कुंपणाच्या मजुरीला घालतो आणि यंदा माळ बंद ठेवतो.

हिरवा_गोठा: चूक करताय. विहिरीजवळ दोन ओळी तरी नेपियर लावा.

धनगरवाडा: मग पावसाळाभर मेंढरं कुठं?

माणदेशी_माळ: मेव्हण्याच्या पडीक रानात. बदल्यात त्याला लेंडीखत. दिवाळीत पवन्याचं बी झडलं की माळाचा फोटो टाकतो.