वीसच फोटो ठेवा

हजार चांगले फोटो जमले की पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक फोटोंचा संच, करायचा, असं तुम्ही म्हटलंय. मी म्हणेन, आत्ताच करा, पण वीसच फोटोंचा. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकने अमेरिकाभर फिरून हजारो फ्रेम टिपल्या आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात ठेवल्या फक्त ८३.

दिवे घाटातले माझे वारीचे फोटो मी चार बाय सहा इंचांत छापून जमिनीवर मांडले, तेव्हा लक्षात आलं की सगळे लांबून, झूम लावून काढलेत. एकाही वारकऱ्याजवळ मी गेलोच नव्हतो! स्क्रीनवर एकेक बघताना हे कधी जाणवलं नव्हतं. पुढच्या वर्षी झूम नसलेली ३५ एमएमची एकच लेन्स नेली, म्हणजे जवळ जावंच लागेल. ज्या फोटोसाठी घाम गाळला तो वगळणं फार जड जातं; तिथे मी आईला निवडायला सांगतो.