मदत हवी आहे: मामेबहिणीवर दुकानात चोरीचा आळ, पुण्यात वकील कसा मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझी मामेबहीण (वय १९) पुण्यात नर्सिंगला आहे, हॉस्टेलवर राहते. गेल्या शनिवारी एका मोठ्या दुकानातून बिल करून निघताना गेटवर अलार्म वाजला. कापडी पिशवीत फेसवॉश, सिरम असं बिलात नसलेलं काहीबाही निघालं. एकूण किंमत १,३८० रुपये. तिला मागच्या खोलीत नेलं, फोन काढून घेतला आणि माल परत करायच्या छापील फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. सुपरवायझर सांगतोय आणि ही लिहितेय, 'मी स्वखुशीने कबूल करते की...' मग पोलीस आले. चौकीत नाव-पत्ता घेऊन, 'बोलावलं की या' म्हणून संध्याकाळी सोडलं. हातात कागद एकही दिला नाही.

आता दुकानातून फोन येतायत: पंधरा हजार भरा, मिटवून टाकू, नाहीतर कॉलेजला कळवतो. मामा बार्शीला असतात, शेती आहे. ते म्हणतात पैसे देऊन मोकळं व्हावं, पोरीच्या नावाचा बभ्रा नको. मी नाशिकला. ओळखीतल्या एका वकिलांनी फी सांगितली ती ऐकून मामी रडायलाच लागल्या.

पैसे द्यावेत का? वकील आत्ताच लागेल का, की कोर्टाचं काही आल्यावर? आणि पुढे नोकरी, पासपोर्ट यात हे आडवं येईल का?

पावटा: तेराशेच्या मालाला पंधरा हजार? एक रुपया देऊ नका. ते फोन रेकॉर्ड करून ठेवा.

सडेतोड: चोरी केली नसेल तर घाबरायचं कशाला? आजकालच्या मुलींना...

रानजाई: सडेतोड, धागा मदतीचा आहे. प्रवचनाला दुसरा काढा.

काळा कोट: फौजदारी प्रॅक्टिस करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी एक विनंती. पिशवीत वस्तू कशा आल्या, ती काय म्हणाली, यातलं काही इथे लिहू नका आणि तिलाही मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहू देऊ नका. ते फक्त तिच्या वकिलाला सांगायचं. चोरीत सगळा खेळ हेतूचा असतो आणि अशा मेसेजचे स्क्रीनशॉट कोर्टात फिरतात.

आता पहिलं काम म्हणजे नोंद नेमकी काय झालीय ते शोधणं: एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) की एफआयआर? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३(२) खाली पाच हजारांच्या आतल्या मालाची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही नाही. चौकीतून तिला सोडलं त्यावरून एनसीच वाटते, पण वाटण्यावर राहू नका. एफआयआर असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर 'प्रकाशित एफआयआर'मध्ये ठाण्याचं नाव आणि तारीख टाकून पाहा. कधीकधी दुकान म्हणजे माल ठेवायची इमारत असं धरून कलम ३०५ लावतात. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पाच हजारांची सवलत नाही. तसं असेल तर एक दिवसही थांबू नका.

पैशांबद्दल: साधी चोरी मालाच्या मालकाला तडजोडीने मिटवता येते आणि रीतसर मिटली तर तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच होतो. पण ती कोर्टापुढे, कंपनीने अधिकार दिलेल्या माणसाच्या सहीने. सुपरवायझरला फोनवरून पैसे पाठवणं म्हणजे तडजोड नव्हे. पैसेही जातील आणि तक्रारही तशीच राहील. शिवाय 'नाहीतर कॉलेजला कळवतो' म्हणून पैसे मागणं हे खंडणीच्या वाटेनं जातं, हे तुमचा वकील त्यांना एका नोटिशीत नीट समजावेल.

लिहून घेतलेल्या कबुलीची धास्ती नको. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही. खाजगी माणसापुढची चालू शकते, पण फोन काढून घेऊन, खोलीत बसवून, मजकूर सांगून लिहून घेतलेल्या कागदाला फारसं वजन राहत नाही. गंमत म्हणजे खाजगी माणसाला कुणाला पकडून ठेवता येतं ते दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यात. इथे तो प्रश्नच आहे. म्हणून त्या दिवशीचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असं लेखी पत्र वकिलामार्फत लगेच जाऊ द्या. फुटेजवर काही दिवसांत नवीन रेकॉर्डिंग चढतं.

समाजसेवेची शिक्षा होऊन सुटते असं कुणी सांगेल. पाच हजारांच्या आत, पहिलाच गुन्हा आणि माल परत केला तर तशी तरतूद आहे खरी, पण ती दोषी ठरल्यावरची शिक्षा आहे. उगाच गुन्हा कबूल करून ती पदरात पाडून घेऊ नका.

रानजाई: फीची काळजी सोडा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. साधा अर्ज आणि आधारची झेरॉक्स न्या, दाखले मागितलेच तर कलम १२ दाखवा. हेल्पलाइन १५१००. माझ्या भावजयीला तिथून मिळालेल्या मॅडम खाजगीतल्या कित्येकांपेक्षा बऱ्या निघाल्या.

धागाकर्ता: सर्वांचे आभार. संकेतस्थळावर एफआयआर दिसत नाही. रानजाईताई, उद्या सकाळी ती मैत्रिणीला घेऊन शिवाजीनगरला जातेय. मामांना पैसे पाठवण्यापासून थांबवलंय, तेही मोठ्या मुश्किलीने. काळा कोट साहेब, नोकरीचं तेवढं सांगाल का?

काळा कोट: नुसती एनसी म्हणजे कोर्टात चालू असलेला खटला नव्हे, त्यामुळे पासपोर्ट त्यावर अडू नये. नोकरीच्या फॉर्मवर मात्र प्रश्न शब्दशः वाचायचा. 'दोषी ठरलात का', 'खटला चालू आहे का', 'कधी तक्रार झाली का' हे तीन वेगळे प्रश्न आहेत. विचारलं असेल तर लपवायचं नाही. सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात या लपवाछपवीवर सविस्तर लिहिलंय, किरकोळ प्रकरण आणि गंभीर प्रकरण यात फरकही केलाय. फॉर्म आला की भरण्याआधी वकिलाला दाखवा. आणि उद्या चौकीतून बोलावणं आलं तर लेखी नोटीस मागा. सूर्यास्तानंतर एकटीला पाठवू नका.