रोज गाणी ऐकायला हेडफोनच घ्या, त्या डबीतल्या बिया विसरा

डग्गा

गाणी ऐकायला काय घेऊ असं कुणी विचारलं की हल्ली उत्तर ठरलेलं असतं: बड्स घे, म्हणजे ते डबीत ठेवायचे बिनवायरीचे इयरफोन. तू ऐकतोस काय, कुठे बसून ऐकतोस, हे कुणी विचारतसुद्धा नाही. म्हणून हा धागा काढतोय. भांडायला आलात तरी चालेल.

माझं म्हणणं असं की रोज तासभर तरी मन लावून ऐकणाऱ्याने कान पूर्ण झाकणारा, वायरीचा हेडफोन घ्यावा. घरात शांतता मिळत असेल तर मागून उघडा घ्यावा, म्हणजे ज्याच्या वाट्यांना बाहेरून जाळी असते तो. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ काढला तेव्हापासून ही जात आहे. बंद वाटीत आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत कानात येतो, जाळीतून तो निघून जातो. त्यामुळे गाणं डोक्यात कोंबल्यासारखं वाटत नाही, जरा श्वास घेतं.

तानपुरा लावून बघा. माझ्या बड्समध्ये तो कपाळाच्या मधोमध एक सलग गुणगुण होऊन बसतो. उघड्या हेडफोनवर पंचमाची तार सुटली, मग जोडाची एक, दुसरी, मग खर्ज, असं वेगवेगळं कळतं. इयरफोन आवाज थेट कानाच्या नळीत सोडतो, त्यात बाहेरच्या कानाला कामच उरत नाही. आवाज कुठून आला हे ओळखण्यात त्या वेड्यावाकड्या घड्यांचा मोठा वाटा असतो.

दुसरं कारण बॅटरी. माझ्या बड्सचा उजवा दाणा दोन वर्षांत असा झाला की चाळीस मिनिटांत मान टाकतो. डावा चालूच. १९६०च्या दशकातली बरीच स्टिरिओ ध्वनिमुद्रणं अशी आहेत की गायक एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला. उजवा बंद पडला आणि गायकच उठून गेला! मी दहा मिनिटं नुसती साथ ऐकत बसलो होतो. सेल बदलावा म्हटलं तर बड चिकटवून बंद केलेला, उघडायला गेलं की तुटतो. हेडफोनची गादी फाटली तर गादी बदलता येते आणि चांगल्या हेडफोनची वायरही.

खिडकीची सीट

डग्गाबुवा, तुम्ही बसून ऐकता. आम्ही उभ्याने ऐकतो, एक हात वरच्या दांड्याला धरून.

तुमची ती जाळी गर्दीत काय कामाची? बाहेरचा सगळा खडखडाट आत येणार आणि माझं गाणं शेजारच्याला फुकट ऐकू जाणार. मग मी आवाज वाढवणार. खरा धोका तिथेच आहे, आणि तो तुमच्या धाग्यात कुठेच आला नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब सांगतो: मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० पर्यंत गेलात की आठवड्याचे जेमतेम ४ तास. रोज जाताना एक आणि येताना एक तास ऐकणारा माणूस ९० वर दोन दिवसांत आठवड्याचा कोटा संपवतो.

कानात घट्ट बसणारे इयरफोन नीट बसले तर बाहेरचा आवाज २० डेसिबलच्या आसपास कापतात, तेही बॅटरीशिवाय. त्यामुळे हळू आवाजात ऐकता येतं. ज्याला तुम्ही बिया म्हणता त्या बियांनीच माझे कान वाचवले आहेत.

डग्गा

प्रवासाचं मान्य. पण मग नॉइज कॅन्सलिंगवाला मोठा हेडफोन आहे की. ती कल्पना बोस कंपनीच्या अमर बोस यांच्या डोक्यात आली तीच मुळी १९७८ साली विमानात हेडफोन घालून बसलेले असताना. ११ वर्षांनी वैमानिकांसाठी हेडसेट निघाला. कानात बोळा कोंबायची गरज नाही.

खिडकीची सीट

विमानाची घरघर एकसुरी असते, म्हणून ती कापली जाते. माइक बाहेरचा आवाज टिपतो, आतून बरोबर उलटी लाट सोडतो, दोन्ही एकमेकांना खातात. सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजाला हे छान जमतं. समोरच्या बाईंचं फोनवरचं भांडण मात्र तसंच ऐकू येतं, उलट घरघर गेल्याने जास्तच स्पष्ट. वरच्या पट्टीतल्या आवाजाला शेवटी बोळाच लागतो, मग तो गादीचा असो नाहीतर रबराचा.

चष्मेवाली

कान झाकणाऱ्या हेडफोनचे गोडवे गाणारे सगळे बिनचष्म्याचे असतात, असा माझा पक्का संशय आहे. चष्म्याची काडी गादीखाली येते. पाऊण तासाने कानामागे ठणकायला लागतं. शिवाय काडीमुळे गादी आणि कातडी यांत फट राहते आणि तिथून बेस, म्हणजे खालचे सूर, पळून जातो. उन्हाळ्यात कानाला घाम येतो तो वेगळाच. मी इयरफोनवर आले ती यासाठी. तानपुऱ्याच्या तारा मोजायला नाही.

दोन्ही कानांनी

चष्मेवालींनी फटीचं लिहिलं, तोच मुद्दा इयरफोनला दुप्पट लागू आहे आणि इथेच बहुतेक लोक फसतात.

इयरफोन 'पातळ वाजतो' म्हणून टाकून देणाऱ्या माणसाला मी एकच विचारतो: टोकाची रबरी टोपी, म्हणजे टीप, कोणती लावलीस? उत्तर असतं, जी लावून आली ती. खोक्यात लहान आणि मोठी अशा आणखी दोन जोड्या असतात, त्यांची पिशवीसुद्धा उघडलेली नसते. एक प्रयोग करा. बेस ठळक असलेलं काहीतरी लावा आणि इयरफोन बोटाने हळूच आत दाबा. आवाज एकदम भरला का? मग तुमची टीप लहान आहे, हवा गळतेय. एवढ्याशा जागेत खालचे सूर टिकायचे तर ती जागा बंदच हवी. बारीकशी फट राहिली की सगळ्यात आधी बेस जातो, गायकाचा आवाज आणि झांजा शाबूत राहतात. म्हणून माणसाला वाटतं की इयरफोनच कर्कश आहे.

आणि दोन्ही कान सारखे असतात असं समजू नका. माझ्या डाव्या कानाला मधली टीप लागते, उजव्याला लहान. हे कळायला मला तीन वर्षं लागली. तोवर मी सगळ्या गाण्यांचा तोल उजवीकडे कलला म्हणून बनवणाऱ्यांना शिव्या देत होतो. सिलिकॉन बसत नसेल तर फोमची टीप घ्या: बोटांत चुरगाळायची, कानात घालायची, फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायची. ती लवकर मळते आणि काही महिन्यांत बदलावी लागते, पण बसते मात्र झकास.

वायरमन

टिपा झाल्या, फटी झाल्या, वायरीबद्दल कुणी बोलेना म्हणून आलो. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट. ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची जी पद्धत असते तिला कोडेक म्हणतात. त्यातला सगळीकडे चालणारा एसबीसी साधारण ३२८ वर थांबतो. एलडॅक नावाचा दुसरा ९९० पर्यंत जातो, पण गर्दीत सिग्नल अडखळला की तोही ३३० वर येतो. तुम्ही विकत घेता पूर्ण गाणं आणि ऐकता त्याचा पाव भाग. वायरीला ही भानगडच नाही.

कमी बोलतो

पाव भाग कसा? बिट म्हणजे गाणं नव्हे. कानाला जे ऐकू येणार नाही ते आधी काढायचं, हेच तर कोडेकचं काम. घरच्या माणसाला फोन हातात द्या, कोणता कोडेक चालू आहे ते तुमच्यापासून लपवायला सांगा आणि दहापैकी किती वेळा ओळखता ते बघा. मी करून पाहिलं आणि नंतर दोन दिवस गप्प होतो. हेडफोन डोक्यावर एक बोट पुढे सरकवला तर त्याहून मोठा फरक पडतो.

आता वर्गणी दिल्यासारखं एक सांगतो. २०१७ साली जेरोन ब्रेबार्ट या संशोधकांनी २८३ हेडफोन-इयरफोनांची मोजमापं आणि किमती शेजारी ठेवून पाहिल्या. खालपासून वरपर्यंतचे सूर कुणाचे किती वाजतात आणि त्याला किती पैसे पडतात, यांचा काही मेळ सापडला नाही. म्हणजे इथे हेडफोन जिंकला काय, बड्स जिंकले काय, महाग घेतलं म्हणून चांगलं वाजेल असं धरून चालू नका.

डग्गा

पण त्यात मजबुती, गादीचा मऊपणा, डोक्यावरचा दाब हे धरलेलं नाही. रोजच्या वापरात पैसे तिथे वसूल होतात.

कमी बोलतो

कबूल. म्हणूनच म्हणतो, निदान अर्धा तास डोक्यावर ठेवून मगच घ्यावा. उभ्याउभ्या दोन मिनिटं ऐकून सगळेच मऊ वाटतात.

पेटीवाली

वायरमनदादांची बाजू चुकीच्या कारणाने बरोबर आहे. ब्लूटूथची खरी अडचण उशीर. आवाज बांधायचा, पाठवायचा, सोडायचा, यात सेकंदाचा दहावा भाग सहज जातो, पुष्कळदा त्याहून जास्त. नुसतं ऐकताना पत्ता लागत नाही. पण फोनला जोडलेल्या कळफलकावर मी बोट ठेवते आणि सूर नंतर येतो, की हात आपोआप थबकतो आणि लय गेलीच. रियाजाला वायर. भांडी घासताना बड्स. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि मला त्याची लाज वाटत नाही.

जुनी कॅसेट

सगळे जण बाहेर ऐकायचं म्हणजे इयरफोन असं धरून चाललेत म्हणून आठवण करून देतो. चालता चालता गाणी ऐकायचं वेड ज्याने लावलं तो सोनीचा वॉकमन १ जुलै १९७९ ला आला, आणि त्याच्यासोबत डोक्यावरून पट्टा घ्यायचा हलका, फेसाच्या गाद्यांचा हेडफोन होता. पहिल्या मॉडेलला दोन पिनांची सोय होती, दोघांनी एकत्र ऐकावं म्हणून. एक नारिंगी बटणही होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि माइकवरून समोरच्याचं बोलणं कानात यायचं. आज बड्समध्ये 'बाहेरचं ऐका' म्हणून जे विकतात ते हेच. फक्त दुसरी पीन गेली.

कान दुखलेला

इयरफोनवाले एक गोष्ट सांगत नाहीत ती मी सांगतो. रोज सहा-सात तास टीप कानात ठेवायचो. कामाचे फोन त्यावरच, गाणी त्यावरच, झोपतानाही तेच. आधी खाज, मग ओल, मग एका सकाळी डावा कान बंद. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि म्हणाले, मळ स्वतःहून बाहेर येत असतो, तुम्ही रोज त्याला आत ढकलताय आणि वर बूच लावताय. महिनाभर कानात काहीही घालायचं नाही. तेव्हापासून घरात डग्गांचा पक्ष आणि बाहेर सीटवाल्यांचा. टिपा दर रविवारी काढून साबणाच्या पाण्याने धुतो, पूर्ण वाळल्याशिवाय लावत नाही. तुम्ही शेवटच्या कधी धुतल्यात? खरं सांगा.

चष्मेवाली

…आत्ता धुवून आले.

दोन्ही कानांनी

आवाजाच्या पातळीवरून एक राहिलं. हळू ऐकलं की गाणं फिकं वाटतं आणि हात आपोआप आवाज वाढवायला जातो, यात यंत्राचा दोष नसतो. कमी आवाजात आपला कानच खालचे सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली याचे आलेखच काढून ठेवले आहेत. तेव्हा आवाज चढवण्याऐवजी इक्वलायझरमध्ये, म्हणजे सूर कमीजास्त करायच्या सोयीत, बेस किंचित वर घ्या. हेडफोन असो की इयरफोन, निम्मे लोक तेवढ्यावरच खूश होतील.

रस्त्याने चालणाऱ्यांनी मात्र यातलं काहीच मनावर घेऊ नका. एक कान मोकळा ठेवा. मागून हॉर्न वाजवणाऱ्याला तुमचा कोडेक दिसत नाही.

नवीनच

वाचून डोकं गरगरलं. मला फक्त फोनवर गाणी ऐकायची आहेत. डग्गा म्हणतात तसा मोठा हेडफोन घेऊ का?

डग्गा

घे, पण फोनला वायरीचं छिद्र आहे का ते आधी बघ. २०१६ च्या आयफोन ७ पासून ते छिद्र एकेका फोनमधून जायला लागलं. नसेल तर मध्ये डोंगल, म्हणजे छोटा जोड, लागेल. आणि खोक्यावर ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, किती लिहिलाय ते वाच. सेनहायझरच्या एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन नुसत्या फोनवर पुटपुटल्यासारखा वाजेल, त्याला आवाजाला जोर देणारा अँप्लिफायर लागतो. फोनसाठी ३२ च्या आसपासचा बघ.

खिडकीची सीट

नवीनच, तुम्ही ऐकता कुठे?

नवीनच

बसमध्ये.

खिडकीची सीट

डग्गाबुवा, काय लिहिलं होतं तुम्ही पहिल्याच परिच्छेदात? कुणी विचारतसुद्धा नाही म्हणून!

डग्गा

चूक झाली, कान पकडतो. नवीनच, घट्ट बसणारे इयरफोन घे, वायरीचे मिळाले तर उत्तम, आणि तिन्ही टिपा लावून बघ.

दोन्ही कानांनी यांच्या सांगण्यावरून मीही त्या जुन्या बड्सना मोठ्या टिपा लावून पाहिल्या. खोटं बोलणार नाही, दोन वर्षांत पहिल्यांदा त्यात डग्ग्याची घुमक ऐकली. तानपुरा अजूनही कपाळातच आहे. आणि उजवा दाणा चाळीस मिनिटांनी मेलाच.

कमी बोलतो

एकोणचाळीस मिनिटांचा ख्याल ऐका.